पहिला चीक

आषाढ सरत आला तरी पावसानं उसंत दिली नव्हती. आरे कॉलनीतल्या तबेल्यात चिखल असा माजला होता की म्हैस एकदा बसली की पोटापर्यंत बरबटूनच उठायची. वैरण भिजून कुबट झाली होती, पेंडीला बुरशी धरली होती आणि धार काढणाऱ्या गड्यांच्या पायांच्या बेचक्या पाण्यानं कुजल्या होत्या. सगळ्यात वाईट हाल रेडकांचे. तबेलेवाल्या शेठला दूध हवं असतं, रेडकू नको असतं. पान्हा सुटेपर्यंत ते आईच्या कासेला लावायचं आणि सुटला की दावं ओढून बाजूला बांधायचं. अशी अर्धपोटी रेडकं पावसाळ्यात पटापट मान टाकायची.

त्यांनी मान टाकू नये म्हणून जी बाई तिथं दिवसभर राबायची ती शेवंती. पन्नाशीची, काटकुळी, नऊवारीचा काचा गुडघ्यापर्यंत खोचलेली आणि तोंडानं फटकळ. नवरा धोंडू ह्याच तबेल्यात धारा काढायचा. तो गेल्यावर शेठनं खोली काढून घेऊ नये म्हणून तिनं रेडकांचं काम अंगावर घेतलं. गोणपाटानं रेडकांची अंगं पुसायची, हगवण लागली तर कुड्याची साल उगाळून पाजायची, चुलीतली राख पसरून जमीन कोरडी करायची. कुडाळकडची तिची बोली मुंबईत इतकी वर्षं काढूनही सुटली नव्हती, आणि ती सुटावी असं तिला वाटतही नव्हतं.

तबेल्याच्या मागच्या भिंतीला टेकून तिची खोली होती. खोलीत ती, मुलगा लवू आणि सून प्रेमा. लवू गिरणीत होता. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आता तो साकीनाक्याला एका वर्कशॉपात लेथवर उभा राहायचा. प्रेमा विक्रोळीच्या चाळीतली, मोजकं बोलणारी. तिला आठवा महिना सरत आला होता. घरातलं सगळं लक्ष आता तिच्या पोटाकडे लागलं होतं, कारण दोन वर्षांपूर्वी झालेली मुलगी बारशाआधीच गेली होती. त्या मुलीबद्दल घरात कुणी बोलत नसे. सटवाईनं नेली, एवढंच शेवंती तेव्हा म्हणाली होती.

दर बुधवारी मोठ्या हॉस्पिटलची पांढरी गाडी कॉलनीत यायची. डॉक्टर तयार करणारं ते भलंमोठं हॉस्पिटल, त्यामुळे गाडीतून शिकाऊ पोरंपोरीच जास्त उतरायची. त्यांच्यात एक डॉक्टर पद्मजा, चष्मेवाली, चिखलात चप्पल रुतली की स्वतःशीच हसणारी. आणि बरोबर सुनंदा. सुनंदा डॉक्टर नव्हती, हॉस्पिटलनं वस्त्यांमध्ये फिरायला नेमलेली आरोग्यसेविका होती, घाटकोपरच्या चाळीत वाढलेली. जांभळाच्या फांदीला काटा अडकवून त्याच्या झोळीत ती पोरांची वजनं करायची. बायका म्हणायच्या, वाण्यानं बटाटे मोजावेत तशी मोजते मेली. तरी पोरं घेऊन यायच्या.

प्रेमालाही तिनं तपासणीला नेलं होतं, हॉस्पिटलात नाव घातलं होतं. शेवंतीची त्याला ना नव्हती. भांडण लागलं ते एका गोष्टीवरून.

"मूल झालं की लगेच छातीला लावायचं हं, मावशी," सुनंदा म्हणाली होती. "पहिलं पिवळं दूध फेकायचं नाही."

"तुझी पोरा किती गो?" शेवंतीनं सगळ्या बायकांसमोर विचारलं होतं.

"माझं लग्न नाही झालेलं."

"मगे माका शिकवू नको."

बायका फिदीफिदी हसल्या होत्या. सुनंदाचा चेहरा उतरला होता, पण ती पुढच्या बुधवारी पुन्हा आली होती. शेवंतीच्या घरची रीत ठरलेली होती. पहिले तीन दिवस बाळंतिणीचं दूध जड. ते पिळून मागच्या अळवात टाकायचं आणि मुलाला गुळाच्या पाण्याचं बोट चाटवायचं. तिच्या सासूनं तेच केलं, सासूच्या सासूनं तेच केलं. लवू तसाच वाढला होता.

हॉस्पिटलात नाव घातलं खरं, पण प्रेमाचं पोट दुखायला लागलं ते महिनाभर आधीच. सोमवारी सकाळी लवू कामावर गेलेला. रात्रीच्या वाऱ्यानं मुख्य रस्त्यावर गुलमोहर आडवा पडलेला, बस बंद. शेवंती छत्री न घेताच पलीकडच्या युनिटात, दुसऱ्या तबेल्यांच्या वस्तीत, धावली आणि सुंदराबाई सुइणीला घेऊन आली. दुपारी प्रेमा बाळंत झाली. मुलगा झाला. पण केवढासा! सुंदराबाईनं त्याला तळहातावर घेतलं तेव्हा त्याचे पाय तिच्या कोपरापर्यंतसुद्धा पोचत नव्हते. रडला तोही मांजराच्या पिलासारखा.

"जीव आहे," सुंदराबाई म्हणाली. "पण अशक्त आहे गं. जप."

शेवंतीनं त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, वाटीत गूळ कालवला आणि बोट त्याच्या ओठांवर टेकवलं. ते चाटायची ताकदही त्याला नव्हती. गुळाचं पाणी हनुवटीवरून ओघळून गेलं. प्रेमा भिंतीला टेकून बघत होती. तिच्या पोलक्यावर ओले डाग पडले होते. शेवंतीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "उद्या पिळून टाक. आता नीज."

मंगळवारी सकाळी सुनंदा आली. बुधवार नव्हता, गाडी नव्हती. सुंदराबाईकडून निरोप गेला होता म्हणून ती पडलेलं झाड ओलांडून, पोटऱ्यांपर्यंत चिखल तुडवत चालत आली होती. शेवंती दारात उभी राहिली.

"कित्याक इलंस?"

"बाळ बघायला. मावशी, त्याला पाजलं का?"

"गुळाचा पाणी दिलंय."

"मावशी, ते लहान आहे. त्याच्यात काही शिल्लक नाही. आज पोटात दूध गेलं नाही तर..."

"तर काय? बोल ना. माझ्या दारात उभी रवान माझ्या नातवाचा वाईट बोलतंस?" शेवंतीचा आवाज चढला. खरं तर तिला भीती वाटत होती. रात्रभर ती त्या पोराच्या नाकाशी बोट धरून बसली होती. पण भीती वाटली की तिचा आवाज चढायचा, हा तिचा स्वभावच होता.

सुनंदा हटली नाही, आत घुसलीही नाही. वळचणीखाली छत्री मिटून उभी राहिली. तेवढ्यात तबेल्यातून गड्यांची हाक आली. तिसऱ्या रांगेतली जाफराबादी म्हैस व्यायली होती.

शेवंती धावली. तिथं जे चाललं होतं ते पाहून तिचं डोकं फिरलं. रेडकू चिखलात तसंच ओलं पडलं होतं, उभं राहायला धडपडत होतं. आणि मुकादम नंदकुमार कासेखाली चरवी लावून स्वतः चीक काढत बसला होता. पिवळाधमक, दाट चीक. चरवी निम्मी भरत आली होती.

"उठ हयसून," शेवंती म्हणाली.

"मावशी, शेठकडे पाहुणे आहेत. खरवस करायचाय. घरून फोन आलाय ऑफिसात."

"आधी रेडकू पितला, मगे पाहुणे."

"अहो, दुपारी पाजू ना त्याला."

"दुपारी?" शेवंतीनं चरवीला पायानं असा धक्का दिला की थोडा चीक नंदकुमारच्या पँटीवर सांडला. "आताच व्हया त्येका! पयलो चीक पोटात नाय गेलो तर रेडकू जगाचा नाय, माहीत नाय तुका? इतकी वर्सा तबेल्यात घालवलंस, काय शेण उचललंस? आयेच्या अंगात देवान कोणासाठी घातल्यान तो? तुझ्या शेठच्या पाहुण्यांसाठी? त्येचा हा तो. त्येच्या तोंडातला काढून घेतंस, लाज नाय वाटत?"

गडी हसायला लागले. नंदकुमार तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बाजूला झाला. शेवंतीनं रेडकाला दोन्ही हातांनी कवेत उचललं, कासेशी नेलं, आचळ त्याच्या तोंडात दिलं. एकदा घसरलं, दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा त्यानं धरलं. चुटचुट आवाज सुरू झाला तशी ती खाली बसली. अंगभर चिखल, पण मन निवलं.

हात धुऊन ती खोलीत आली तेव्हा सुनंदा अजून वळचणीखालीच होती. आत प्रेमा ताठ बसलेली. पोर तिच्या मांडीवर होतं. तबेल्याची आणि खोलीची भिंत एकच, वरून पत्र्यापर्यंत पोचलेलीसुद्धा नाही. इकडचं तिकडे सगळं ऐकू जायचं.

"वाटी खंय गेली गुळाची?" शेवंतीनं विचारलं.

"मी ओतून दिली."

"काय?"

लग्न होऊन आल्यापासून प्रेमानं सासूकडे कधी डोळा वर करून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. "आई, रेडकासाठी तुम्ही मुकादमाशी भांडलात. माझ्या पोरासाठी कुणाशी भांडू मी? तुमच्याशीच ना?"

शेवंती वळली आणि भर पावसात बाहेर पडली. सुनंदाच्या अंगावरून गेली तरी तिला सुनंदा दिसली नाही.

ती रेडकं बांधायच्या कोठीत जाऊन बसली. गड्यांनी तिथं आणलेलं जाफराबादीचं रेडकू पिऊन सुस्तावलं होतं, त्याच्या तोंडाला फेस होता. शेवंतीनं सवयीनं गोणपाट घेतलं आणि त्याचं अंग पुसायला लागली. पुसता पुसता तिचे हात थांबले. दोन वर्षांपूर्वीची ती मुलगी तिच्या डोळ्यांपुढे आली. ती तर लहान नव्हती. चांगली गुबगुबीत होती, मूठ तोंडात घालून चोखत होती, रडून रडून घर डोक्यावर घेत होती. शेवंती तिला टाकीच्या पाण्यात कालवलेला गूळ चाटवत होती आणि प्रेमाचं दूध वाटीत पिळून मागं अळवाच्या बुंध्याशी ओतत होती. दुसऱ्या दिवशी जुलाब लागले. चौथ्या दिवशी ती रडायची थांबली. अळू मात्र त्या वर्षी मोठ्या पानांचं आलं होतं.

शेवंती रडली. चाळीतल्या बायका रडतात तशी ऊर बडवून नाही, रेडकाच्या ओल्या पाठीवर कपाळ टेकून, आवाज न करता. सटवाईनं नेली म्हणून जिला इतके दिवस शिव्या घातल्या तिचा काही दोष नव्हता. हे कळणं फार वाईट होतं. पण भिंतीपलीकडे दुसरं पोर अजून श्वास घेत होतं, आणि शेवंती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

"ये गो आत," ती वळचणीखालच्या सुनंदाला म्हणाली. "भिजतंस कित्याक? दाखव तिका कसा धरूचा ता."

सुनंदा आत आली. तिनं ना काही विचारलं, ना टोमणा मारला. त्याबद्दल शेवंतीनं मनातल्या मनात तिला शंभर गुण दिले. पोर छातीला लावलं, पण त्याला ओढता येईना. दोनदा ओठ हलवायचं आणि झोपायचं. मग सुनंदानं वाटी-चमचा उकळून घेतला, प्रेमाला हातानं दूध कसं काढायचं ते सांगितलं. पिवळं, चिकट दूध थेंब थेंब वाटीत जमलं. शेवंतीनं चमचा हातात घेतला. पहिला थेंब जिभेवर पडला, पोराचा गळा हलला.

"गिळल्यान," ती म्हणाली. "गे, गिळल्यान!"

दिवसभर तेच चाललं. चमचा, थोडी झोप, पुन्हा चमचा. सुनंदानं लुगडं सोडवून पोराला प्रेमाच्या उघड्या छातीशी, पोलक्याच्या आत ठेवायला लावलं, वरून घोंगडी. संध्याकाळी लवू साकीनाक्याहून भिजत आला आणि बायकोच्या पोलक्यातून डोकावणारं आपल्या मुलाचं डोकं बघून दारातच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं पावसावर ढकललं.

बुधवारी सकाळी पोर पिवळं दिसायला लागलं. गुलमोहर तोडून रस्ता मोकळा झाला होता, गाडी आली. डॉक्टर पद्मजानं पोराच्या छातीवर बोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, "ह्याला घेऊन जाऊ या. लगेच." प्रेमा पोराला तसंच पोलक्यात धरून गाडीत चढली. शेवंतीही चढत होती, पण जागा नव्हती. ती मागून निघालेल्या दुधाच्या टेंपोत, कॅनच्या मधे उभी राहून गेली.

हॉस्पिटल म्हणजे एक गावच होतं. जिने, व्हरांडे, फिनेलचा वास, पळणाऱ्या आया. शेवंतीनं ज्याला त्याला विचारलं आणि ज्यानं त्यानं तिला वेगळ्याच जिन्याकडे बोट दाखवलं. लहान पोरांच्या वॉर्डच्या दारात शिपायानं अडवलं. अंगाला तबेल्याचा वास येत होता, म्हणून शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. शेवंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती व्हरांड्याच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब जाऊन बसली. कावीळ उतरायला पोराला निळ्या दिव्याखाली ठेवलंय, प्रेमा आत आहे, एवढं सुनंदानं येऊन सांगितलं.

दोन दिवस ती तशीच येत-जात राहिली. पहाटे रेडकं आवरायची, पेज आणि शेवग्याची भाजी डब्यात भरायची, आणि नळावर खसाखसा अंग घासून निघायची. शुक्रवारी ती डबा घेऊन पोचली तेव्हा वॉर्डात मोठे डॉक्टर आले होते. डॉक्टर श्यामकांत, सगळ्या शिकाऊ पोरांचे गुरुजी. त्यांच्याभोवती पांढऱ्या कोटांचा गराडा होता, आणि तो गराडा प्रेमाच्या खाटेपाशी होता. पद्मजानं दारातून शेवंतीला हात केला. "आजी, या आत. सर विचारतायत."

डबा छातीशी धरून शेवंती एवढ्या कोटांमध्ये उभी राहिली.

"विचारा," मोठे डॉक्टर एका शिकाऊ पोरीला म्हणाले. "आणि रागावल्यासारखं नाही हं. त्या घरच्या माणूस आहेत."

"आजी, हे दुसरं बाळ ना?" त्या पोरीनं विचारलं. "पहिलं कशानं गेलं?"

प्रेमानं मान खाली घातली. शेवंतीला सहज सांगता आलं असतं, जुलाबानं. ते खोटं नव्हतं. सटवाईनं म्हटलं असतं तर पोरं हसली असती आणि विषय संपला असता. तिनं प्रेमाकडे पाहिलं.

"भुकेन," ती म्हणाली.

पेनं थांबली.

"आयेच्या अंगात दूध होता. मी पिऊक दिलंय नाय. पिळून टाकलंय. गुळाचा पाणी दिलंय टाकीतला. माझ्या हातान गेली ती. सटवाई-बिटवाई काय नाय." तिचा आवाज चढला नाही. इतक्या हळू ती कधी बोलली नव्हती. "आता तुम्ही मोठे डॉक्टर. तुम्हीच सांगा, मी दिला असता तर रवली असती ती?"

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आजी, ते आता कुणालाच सांगता येणार नाही," ते म्हणाले. "मी सांगितलं तर ते खोटं होईल. जुलाबानं मुलं जातात, टाकीच्या पाण्यानं जातात. दूध मिळालं असतं तर बळ मिळालं असतं, हे खरं. ह्याचं मात्र सांगतो. ह्याचा पिवळेपणा उतरलाय. सकाळपासून आपल्या तोंडानं ओढून पितोय. थोडं अंग धरू दे, मग घरी न्या."

गराडा पुढच्या खाटेकडे सरकला. शेवंतीनं डबा उघडला, पेज वाटीत ओतली, सांडली, पुन्हा ओतली. प्रेमा खात नव्हती. आता सून काय बोलेल, बोलेल की नाही, ह्या धास्तीनं शेवंतीला तिच्याकडे बघवेना. शिव्या दिल्या तर त्या घ्यायच्या, असं तिनं ठरवलं होतं. गप्पच राहिली तर काय करायचं ते ठरलं नव्हतं.

"आई," प्रेमा म्हणाली.

"हां गो."

"तिचं नाव मी ठेवलं होतं. दुसऱ्या रात्री, तुम्ही झोपला होता तेव्हा. तिच्या कानात सांगितलं होतं. बारसं झालं नाही म्हणून कुणाला बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही."

"काय ठेवलेलंस?"

"मैना."

शेवंतीनं ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग नीट, मोठ्यानं म्हटलं. प्रेमानं ऐकलं आणि तिनं पेजेची वाटी सासूच्या हातातून घेतली. दोन घोट प्याली. पोर चुळबुळलं तसं तिनं त्याला पदराखाली घेतलं, आणि तिघांच्या त्या कोपऱ्यात चुटचुट आवाज सुरू झाला.

पलीकडच्या खाटेवरच्या बाळंतिणीची आई बराच वेळ इकडे बघत होती. दिवसभर वॉर्डात बसायचं म्हणजे बोलायला कुणीतरी हवंच. ती वाकून म्हणाली, "काय हो, नातू वाटतं? पहिलंच का?"

"नाय ओ," शेवंती म्हणाली. "पयली मैना. ह्यो तिचो भाऊ."